हंगामी

फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं:
रत्नप्रभाबाईंना अहवाल उघडत नाही,
बाकी सगळ्यांना उघडतो.

तापीचा पूल ओलांडला, फैजपूर मागे टाकलं.
मे महिना. अकरालाच हँडल धरवत नव्हतं.
सावद्याला संघाच्या आवारात
गाडी लिंबाखाली लावली.
सर्व्हर इथे केळी पिकवायच्या खोलीला लागून;
एकाच यंत्राची गार हवा दोघांना,
आणि कीबोर्डाला सुद्धा गोडसर वास.

झोपेबाईंनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला.
दार उघडलं. फोल्डर दिसले:
वजनकाटा, मृगबाग, कांदेबाग.
कांदेबागेवर टिचकी मारली
आणि पांढऱ्या पडद्यावर एक ओळ,
या वापरकर्त्यास ही माहिती पाहण्याची परवानगी नाही.

"रोज सकाळी वाचते हे.
गाडी काट्यावर चढली की
पयला आकडा माझ्याच हातचा ना भाऊ.
बेरीज शिपायाले दिसते,
मलेच काहून नई?"

मी नेहमीच्या वाटेने गेलो.
नाव बरोबर. खातं चालू.
अहवाल ज्या किल्लीने डेटाबेस उघडतो
ती किल्ली शाबूत.
वरच्या फोल्डरातली परवानगी खाली उतरते
गड्ड्यातून पील फुटावं तशी,
तिला वेगळं पाणी लागत नाही;
कुणी मध्येच कापून टाकली असेल
म्हणून तेही पाहिलं.
नव्हती कापलेली.

मग कंटाळून
ज्या ज्या गटाला बेरीज दिसते
त्या सातही गटांत तिचं नाव घातलं.
हे खरं तर करू नये.
तीच ओळ आली, कान्याचा फरक नाही.

पलीकडे कुणी क्रेट ओढत होतं.
बाईंनी डबा उघडला,
कळण्याची भाकरी, ठेचा,
अर्धी माझ्यापुढे सरकवली.

परवानगी नसणं वेगळं
आणि नकार असणं वेगळं.
नसलेली देता येते.
नकार मात्र एकटा उंबऱ्यावर बसतो
आणि सात होकारांना हटकतो.

तो सापडला पावणेदोनला.
गट: हंगामी. सदस्य बेचाळीस.
बेरीज पाहणे: नकार.
नोंद बारा वर्षांपूर्वीची,
नोंद करणाऱ्याच्या रकान्यात
माझं नाव.

आठवलं. तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले होते,
हंगामी माणसाला बेरीज कशाला हवी?
मी हसलो होतो बहुतेक,
एक ओळ टंकली होती,
वर चहा घेतला होता.

"यातले आता कोण कोण आहे?"
तिने नावं वाचली, बोटं मिटत गेली.
हुसेन तडवी सुरतेला. वच्छला पाडळशाला, लेकीकडे.
यशवंता गेला, गेल्या पोळ्याला.
"राह्यले मी. आणि मीबी हंगामी नई आता,
मार्चमधी कायम केलं."
पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीतलं पत्र काढलं,
जणू सर्व्हर ते वाचणार होता.

मी तिचं नाव त्या गटातून काढलं.
एक ओळ.
पुन्हा दार, फोल्डर, टिचकी,
आणि आकडे उतरू लागले
वरून खाली, सावकाश.

बेरजेकडे तिने पाहिलंच नाही.
थेट नऊ फेब्रुवारीवर गेली,
ओच्यातून काढावी तशी कुठूनशी
एक लांबोडकी वही काढली,
बोट इकडे, बोट तिकडे.
बराच वेळ.
"तीन क्विंटल," ती म्हणाली,
माझ्याशी नाही.

खिडकीत माझ्यापुढे अजून उघडा
तो गट, एकेचाळीस नावांचा,
पुढच्या आठवड्यात नवी माणसं येणार तो.
ओळ पुसायचा अधिकार होता माझ्या खात्याला.
कर्सर तिथेच लुकलुकत होता.

"हे छापता येतं का?"
छापायची परवानगी वेगळी असते, मी म्हणालो.
"मग ती बघा,"
ती वही न मिटता म्हणाली,
"मी चहा सांगते."